चेंडू हातात येण्याआधीची लढाई

5 एप्रिल 2024. क्लीव्हलँडमध्ये शुक्रवारची रात्र होती, आपल्याकडे शनिवारची सकाळ. अमेरिकेच्या महिला कॉलेज बास्केटबॉलच्या उपांत्य सामन्यात आयोवा आणि कनेटिकट (सगळे त्याला यूकॉनच म्हणतात) समोरासमोर होते. आयोवाची केटलिन क्लार्क त्या हंगामात सामन्याला सरासरी 31 पेक्षा जास्त गुण करत होती. त्या दिवशी पहिल्या हाफमध्ये तिने 11 वेळा चेंडू बास्केटकडे टाकला आणि तीनदाच आत गेला. लांबून मारायचे, तीन गुणांचे सहाही प्रयत्न वाया गेले. अर्धा सामना संपला तेव्हा तिच्या नावावर फक्त 6 गुण होते.

नुसत्या चेंडूवर नजर ठेवणाऱ्याला वाटलं असेल, आज हिचा हात बसत नाहीये. पण नजर चेंडूवरून काढून यूकॉनच्या निका म्यूलवर ठेवली की वेगळंच काहीतरी दिसायचं. क्रोएशियाहून आलेली ही गार्ड (बास्केटपासून लांब, बाहेरून खेळणारी खेळाडू) क्लार्कची पाठ सोडायला तयार नव्हती. चेंडू कोर्टाच्या दुसऱ्या बाजूला असला तरी हिचं लक्ष क्लार्कवर. क्लार्क पळायला लागली की हिची छाती तिच्या वाटेत. क्लार्कला चेंडू मिळायचा, पण उशिरा, हव्या त्या जागेपासून दोन पावलं लांब, आणि श्वास फुललेला असताना.

याला फिजिकल डिफेन्स म्हणतात. त्यावर दोन टोकांची भांडणं चालू असतात. एका बाजूचं म्हणणं, ही सरळसरळ दांडगाई आहे, स्टार खेळाडूला खेळूच देत नाहीत. दुसरी बाजू म्हणते, खेळात धक्काबुक्की व्हायचीच, त्यात रडायचं काय? मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात, कारण रेषा नेमकी कुठे आहे हे दोघांपैकी कोणीच नीट पाहत नाही. ती समजली तर हा डिफेन्स म्हणजे या खेळातलं सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात न दिसणारं काम आहे, हे लक्षात येतं.

बास्केटबॉलचा जन्मच मुळी धक्काबुक्की टाळण्यासाठी झाला. 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जेम्स नायस्मिथने हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ शोधला, तेव्हा खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालणं हे सगळं त्याच्या पहिल्या तेरा नियमांतच बाद होतं. कबड्डीत समोरच्याला पकडणं हाच खेळ असतो. इथे पकडलं की गुन्हा. थोड्याच काळात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजमध्ये हा खेळ मुलींना शिकवला आणि नियम आणखी कडक केले. कोर्टाचे तीन भाग पाडले, आपला भाग सोडून जायचं नाही, आणि दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही. त्या काळात मुलींनी अंगाला अंग लावून खेळणं समाजाला पटणारं नव्हतं, म्हणून ही तडजोड.

ती तडजोड किती टिकली, हे पाहायचं तर क्लार्कच्याच राज्यात जायला हवं. आयोवातल्या शाळांमध्ये मुली 1993 पर्यंत सहा-सहा जणींचा खेळ खेळत होत्या. तीन जणी फक्त हल्ला करायच्या, तीन जणी फक्त बचाव, आणि मधली रेषा कोणी ओलांडायची नाही. म्हणजे त्या राज्यात अशा कितीतरी आज्या आणि आया आहेत, ज्यांनी शाळेची सगळी वर्षं फक्त डिफेन्स केला आणि सामन्यात एकही बास्केट टाकली नाही. क्लार्कभोवतीची झुंज बघताना त्यांना काय काय दिसत असेल, याचा विचार मी बरेचदा करते. आमच्यासारख्यांना न दिसणारं बरंच काही दिसत असणार.

आता रेषेकडे वळू.

नियम म्हणतो, ज्या जागेवर तुम्ही आधी पोहोचलात ती जागा तुमची. डिफेंडरचे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले आणि छाती समोरच्या खेळाडूकडे वळलेली असली की तिने जागा पकडली. मग तिच्या अंगावर कोणी येऊन आदळलं तर चूक येणारीची. आपल्या जागेवर सरळ वर उडी मारायचा, हात सरळ वर न्यायचा हक्कही तिला आहे. पुढे झुकली, हात खाली आणला, कंबर बाहेर काढली की हक्क संपला. धडक झाली म्हणजे फाउल झालाच असं नाही. धडक झाली तेव्हा जागा कोणाची होती, हे बघायचं असतं.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. खरी गंमत पुढच्या पोटनियमात आहे. जिच्या हातात चेंडू आहे तिच्या वाटेत डिफेंडरने आयत्या वेळी येऊन उभं राहिलं तरी चालतं. चेंडू घेऊन पळणारीने समोर कोणी येणार हे गृहीत धरायलाच हवं. पण जिच्याकडे चेंडू नाही ती समोर बघत पळत असेल असं नाही. तिला थांबायला किंवा वळायला जागा द्यावी लागते, जास्तीत जास्त दोन पावलांची. त्यामुळे जी हालचाल चेंडूजवळ पूर्ण कायदेशीर आहे, तीच चेंडूपासून लांब केली तर फाउल ठरते. प्रेक्षक, कॉमेंट्री करणारे, कॅमेरा, सगळे चेंडूमागे असतात. आणि नियम जास्त नाजूक आहे तो चेंडू नसलेल्या जागी.

स्टार खेळाडूला अडवण्याचं नव्वद टक्के काम याच अंधाऱ्या भागात चालतं. हा आकडा मोजून काढलेला नाही, पण वर्षानुवर्षं बघून माझं तसं मत झालं आहे. स्टार एका टोकाकडून पळायला लागते. डिफेंडर तिच्या आधी अर्धं पाऊल टाकून वाटेत छाती आणते. थेट ढकलत नाही, पण सरळ वाट वाकडी करायला लावते. पळणारीला पाच पावलांऐवजी सात पावलं पडतात. तेवढ्यात पास देणारीची वेळ चुकते. परत पहिल्यापासून. एका हल्ल्यासाठी 30 सेकंद मिळतात. त्यातले दहा-बारा नुसता चेंडू हातात येण्यात गेले, तर उरलेल्यात घाईचाच शॉट मिळणार.

कॉलेजात असताना आमच्या सिमेंटच्या कोर्टवर सर डिफेन्सचा सराव घ्यायचे, तेव्हा दोन्ही हात पाठीमागे धरायला लावायचे. एक हात दुसऱ्या हाताच्या मनगटाभोवती घट्ट. समोरची मुलगी ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, डावी-उजवीकडे जाणार, आणि आपण फक्त पायांनी सरकत तिच्या समोर राहायचं. तिसऱ्या फेरीला मांड्या पेटायच्या, आणि नकळत मागचा हात सुटून पुढे यायचा, समोरचीच्या कमरेवर टेकायचा. सर लगेच ओरडायचे, “पाय थांबले की हात चालतात!” इतक्या वर्षांत डिफेन्सबद्दल याहून नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही. फाउल हा बहुतेक वेळा रागातून होत नाही, दमलेल्या पायांतून होतो.

म्हणूनच हातांबद्दल नियम फार स्पष्ट आहेत. चेंडू घेऊन चाललेल्या खेळाडूच्या अंगावर हात किंवा कोपरापुढचा भाग टेकवून ठेवायचा नाही. दोन्ही हात लावायचे नाहीत. पुन्हा पुन्हा टोचायचं नाही. हात आडवा करून तिची वाट रोखायची नाही. एकदा टेकून लगेच उचललेला हात पंच सहसा सोडून देतात. टेकून राहिलेला हात मात्र तिचा वेग आणि दिशा ठरवायला लागतो, आणि तिथे शिट्टी वाजायलाच हवी.

मग सगळे संघ बिनधास्त धक्के कसे देतात? इथे हिशोब येतो. एका खेळाडूला पाच फाउल झाले की ती सामन्यातून बाहेर. आणि 2015-16 पासून महिलांचा सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा झाला. एका क्वार्टरमध्ये संघाचे पहिले चार साधे फाउल झाले तर समोरच्यांना नुसता बाजूने चेंडू मिळतो. पाचव्यापासून मात्र दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी अडवायला नसताना मारायचे एकेका गुणाचे शॉट. क्वार्टर बदलला की खातं पुन्हा कोरं. म्हणजे शॉट मारत नसलेल्या खेळाडूला धक्का दिला, तर क्वार्टरमध्ये चार वेळा त्याची किंमत जवळपास काहीच नाही. हुशार प्रशिक्षक हे चार फाउल खिशातल्या सुट्ट्या पैशांसारखे वापरतो. स्टारला चेंडू मिळायच्या आधी वापरायचे, ती शॉट मारायला उठल्यावर अजिबात नाही. क्लार्क फ्री थ्रो शंभरातले 85 हून जास्त टाकायची. तिला शॉट मारताना फाउल करणं म्हणजे हाताने गुण काढून देणं.

सुट्टे पैसे किती जणींच्या खिशात आहेत, यावर मग सगळं ठरतं. आयोवासारख्या संघात भरवशाच्या सहा-सात जणी असतील, तर साउथ कॅरोलिनाकडे दहा. 7 एप्रिल 2024 चा अंतिम सामना याचा वस्तुपाठ आहे. पहिल्या क्वार्टरमध्ये क्लार्कने एकटीने 18 गुण केले. महिलांच्या अंतिम सामन्यात एका क्वार्टरमध्ये इतके गुण कोणी केले नव्हते. पुढच्या तीन क्वार्टरमध्ये मिळून तिचे 12 झाले. साउथ कॅरोलिनाच्या प्रशिक्षक डॉन स्टेली यांनी काही जादू केली नव्हती. रेव्हन जॉन्सन तिच्या मागे लागली. ती दमली की दुसरी ताज्या पायांची यायची. आयोवाकडे बदली नव्हती. राखीव खेळाडूंचे गुण साउथ कॅरोलिनाचे 37, आयोवाचे शून्य. हुकलेल्या शॉटनंतर चेंडू परत मिळवण्यात 51 विरुद्ध 29. सामना 87-75 गेला आणि साउथ कॅरोलिनाने हंगामातला 38 वा विजय मिळवला, हार एकही नाही. त्या धक्क्यांचा परिणाम चौथ्या क्वार्टरमध्ये दिसला. त्याच अंतरावरून, त्याच हाताने मारलेले शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागायला लागले. चेंडू आखूड पडतो तेव्हा बहुतेक वेळा पायांतला जोर संपलेला असतो.

रेव्हन जॉन्सनची गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्याच्या आदल्या वर्षी, 2023 च्या उपांत्य सामन्यात, क्लार्कने 41 गुण करून साउथ कॅरोलिनाला हरवलं होतं. त्या सामन्यात रेव्हनच्या हातात लांबवर चेंडू असताना क्लार्क तिच्याजवळ गेलीच नाही. हाताने ‘जा, मार’ अशी खूण करून बास्केटजवळ जाऊन उभी राहिली. ती खूण जगभर फिरली. वर्षभर ती सोसून ही मुलगी परत आली आणि अंतिम सामन्यात त्याच क्लार्कला अडवायला उभी राहिली. डिफेन्स करायला जिद्द लागते असं आपण म्हणतो. ती कुठून येते, हे इतकं उघड क्वचितच दिसतं.

क्लार्क बाहेरून खेळणारी. तिचं काम अडवायचं ते धावण्याच्या वाटांवर. उंच स्टार खेळाडू बास्केटजवळ पाठ करून उभी राहते, तिथली लढाई वेगळी, आणि पंचांसाठी कितीतरी अवघड. दोघी एकमेकींना टेकूनच उभ्या असतात. नियम एवढाच की तिने मिळवलेल्या जागेवरून तिला हटवायचं नाही. पण कमरेने दिलेला दाब, मांडीमागे टेकवलेला गुडघा, हे तीन पंचांपैकी एकाला जेमतेम दिसतं.

बेलर विद्यापीठाची सहा फूट आठ इंचांची ब्रिटनी ग्राइनर हे याचं मोठं उदाहरण. 31 मार्च 2013 ला लुइव्हिल विद्यापीठाच्या संघाने तिच्या पुढे एक, मागे एक, कधी तिसरीही, असं कुंपण घातलं. तिला चेंडू मिळेचना. तिचे 14 गुण झाले आणि गतविजेता बेलर 82-81 असा हरला. बेलरच्या प्रशिक्षक किम मल्की यांनी पंचांवर जाहीर टीका केली. मला त्या टीकेत तथ्य वाटतं, पण तेवढ्याने तो निकाल समजत नाही. ग्राइनरला दोघी-तिघींनी घेरायचं म्हणजे इतर कोणीतरी मोकळी सुटणार, हा धोका लुइव्हिलने पत्करला, आणि दुसऱ्या टोकाला स्वतः तीन गुणांचे 25 पैकी 16 शॉट टाकले. नुसत्या धक्क्यांनी बेलर हरत नसतं.

ग्राइनरच्याच बाबतीत या गोष्टीची काळी बाजूही दिसली होती. मार्च 2010 मध्ये, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, टेक्सस टेकविरुद्ध खेळताना बास्केटजवळची ओढाताण वाढत गेली आणि तिने समोरच्या खेळाडूला ठोसा मारला. त्या मुलीचं नाक मोडलं. ग्राइनरला दोन सामने बाहेर बसावं लागलं. ठोशाचं समर्थन कोणी करू नये, मीही करत नाही. पण पंचांनी आधीच्या लहान लहान ओढाताणीला वेळीच शिट्टी वाजवली, तर अशी वेळ येण्याची शक्यता खूप कमी होते. सामना हाताबाहेर जातो तो शेवटच्या मोठ्या फाउलमुळे नाही, आधी सोडून दिलेल्या दहा लहान फाउलमुळे.

दुखापतींचा विषय निघतोच, म्हणून थोडक्यात. यूएससीची (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची) स्टार जुजू वॉटकिन्स 24 मार्च 2025 ला दोन डिफेंडरच्या मधून वेगाने जाताना पडली आणि तिच्या गुडघ्यातला महत्त्वाचा लिगामेंट फाटला. अशी दुखापत महिला खेळाडूंना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि बहुतेक वेळा ती कोणाच्या धक्क्याने होत नाही. झटकन वळताना, थांबताना, उडीवरून खाली येताना होते. तेव्हा प्रत्येक दुखापतीचं खापर डिफेंडरच्या डोक्यावर फोडणं अन्यायाचं आहे.

स्टार आणि तिचा संघ यावर काय करतात? पहिला उपाय स्क्रीन. आपल्या संघातली एक खेळाडू भिंतीसारखी उभी राहते, स्टार तिला घासून पळते, आणि मागची डिफेंडर त्या भिंतीत अडकते. भिंतीने मात्र धडकेच्या क्षणी स्थिर असायला हवं. सरकली, कोपर बाहेर काढलं, तर फाउल भिंतीचा. दुसरा उपाय म्हणजे चेंडू सोडून देणं, आणि तो स्टारच्या स्वभावाची परीक्षा घेतो. दोघी आपल्यावर आल्या की कुठेतरी चौघींवर तिघीच उरल्या, हे ओळखून लगेच पास द्यायचा. नोव्हेंबर 2023 मध्ये कॅन्सस स्टेटविरुद्ध क्लार्कने 32 शॉट मारले, 9 आत गेले, आणि आयोवा आपल्याच कोर्टवर 65-58 हरला. यूकॉनविरुद्ध तिने 18 शॉट मारले. आयोवाकडून सर्वात जास्त, 23 गुण केले ते हॅना स्टुल्कीने. म्यूलने क्लार्कला बांधून ठेवलं खरं, पण त्या बांधून ठेवण्यातून मोकळी झालेली जागा स्टुल्कीने वापरली.

तिसरी गोष्ट समोरचे संघ करतात, ती म्हणजे स्टारलाच डिफेन्स करायला लावणं. जिला ती अडवते आहे तिच्याकडेच चेंडू द्यायचा, तिच्या अंगावर जायचं, तिचे फाउल वाढवायचे. 2023 च्या एलएसयूविरुद्धच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) अंतिम सामन्यात क्लार्कला तिसऱ्या क्वार्टरमध्येच चौथा फाउल मिळाला. तो तर चेंडू पंचांकडे न देता मागे टाकल्याचा, तांत्रिक फाउल होता. चार फाउल झालेली खेळाडू कोणाच्या वाटेत येत नाही, हात मागे घेते. आयोवा 102-85 हरला.

आणि आता पुन्हा क्लीव्हलँड. सामन्याचे शेवटचे काही सेकंद, आयोवा 70, यूकॉन 69, चेंडू यूकॉनचा. त्यांची स्टार पेज ब्यूकर्स. रात्रभर तिच्या मागावर आयोवाची गॅबी मार्शल होती. म्यूल क्लार्कशी जे करत होती, तेच मार्शल ब्यूकर्सशी करत होती, फक्त त्याची चर्चा कमी झाली. ब्यूकर्सला मोकळं करायला आलिया एडवर्ड्सने स्क्रीन लावली. मार्शल तिला धडकली. शिट्टी वाजली. घड्याळात 3.9 सेकंद होते. फाउल एडवर्ड्सचा, स्क्रीन लावताना हलल्याबद्दल. आयोवा 71-69 जिंकला.

त्या शिट्टीवर आजही वाद होतो. मी तो क्षण कितीतरी वेळा थांबवून पाहिला आहे. एडवर्ड्स मार्शलच्या दिशेने सरकते, कोपरही बाहेर येतं. पुस्तकाप्रमाणे फाउल आहे. आणि तशाच हलत्या स्क्रीन कॉलेजच्या सामन्यांत 40 मिनिटांत अनेकदा सुटून जातात, ही यूकॉनच्या चाहत्यांची तक्रारही खरी आहे. त्या धडकेच्या वेळी चेंडू मार्शलकडे नव्हता, एडवर्ड्सकडेही नव्हता.